लॅटिनमधली डेटिव्ह विभक्ती: मराठी ‘ला’च्या वाटेने

कायद्याच्या अभ्यासक्रमात ‘व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया’ हे सूत्र सगळेच पाठ करतात. अर्थही पाठ असतो: जो स्वतःहून राजी झाला, त्याला झालेल्या नुकसानीबद्दल दाद मागता येत नाही. पण ‘व्होलेंटी’च्या शेवटी तो ‘ई’ का, हे फारसं कुणी सांगत नाही. मूळ शब्द ‘वोलेन्स’, म्हणजे इच्छा असलेला, राजी असलेला. त्याचं डेटिव्ह (म्हणजे आपल्या चतुर्थीचं) रूप ‘वोलेन्ती’, म्हणजे ‘राजी असलेल्याला’. शब्दशः सूत्र असं: राजी असलेल्याला अन्याय होत नाही. मराठीने जिथे ‘ला’ लावला, तिथे लॅटिनने ‘ई’ लावला.

डेटिव्ह शिकवणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि ती सुरुवातीलाच सांगतात, ‘टू’ किंवा ‘फॉर’ दिसलं की डेटिव्ह समजा. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला तेवढं चालतं. आपल्याला हा वळसा घालायची गरज नाही. मराठीत विभक्त्या आजही जिवंत आहेत, शिवाय शाळेत थोडं संस्कृत झालेलं असतं. अडचण एवढीच की मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचे प्रत्यय सारखेच. ‘ला’ दोन्हीकडे. लॅटिन मात्र त्यांना काटेकोर वेगळं ठेवतं. म्हणून पहिलं काम लॅटिनमध्ये नाही, मराठीतच करायचं आहे.

उच्चारांबद्दल एकदाच सांगतो. खाली लॅटिन शब्द जुन्या रोमन उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत: ‘क’ कधी ‘च’ होत नाही आणि ‘आय’ हा एकच जोडस्वर आहे. चर्चमध्ये ऐकू येणारा उच्चार इटालियन वळणाचा असतो. तिथे ‘पाकेम’चं ‘पाचेम’ होतं. विभक्तिप्रत्ययांमधली ऱ्हस्व-दीर्घ इ नीट बघत चला. लॅटिनमध्ये त्यावरून विभक्ती बदलते आणि देवनागरीत ती आपोआप दिसते, हा फायदा रोमन लिपीतल्या साध्या छपाईलाही नाही.

पायरी पहिली: आपला ‘ला’ तपासा

‘शिक्षकांनी मुलीला शाबासकी दिली’ आणि ‘शिक्षकांनी मुलीला पकडलं’. दोन्हीकडे ‘मुलीला’. पहिल्यात मुलगी देण्याच्या क्रियेचं शेवटचं टोक आहे. जी गोष्ट दिली ती शाबासकी. दुसऱ्यात मुलगी स्वतःच कर्म आहे. लॅटिनमध्ये पहिली ‘पुएल्लाय’ (डेटिव्ह), दुसरी ‘पुएल्लाम’ (ॲक्युझेटिव्ह, म्हणजे आपली द्वितीया).

ओळखायची खात्रीची युक्ती: वाक्य ‘गेलं’ लावून फिरवा. ‘मुलगी पकडली गेली’ असं म्हणता येतं, ‘ला’ गळून पडतो. ‘मुलीला शाबासकी दिली गेली’ यात मात्र ‘ला’ हलत नाही. गळतो तो द्वितीयेचा, चिकटून राहतो तो चतुर्थीचा. लॅटिनचं कर्मणी वाक्यही असंच वागतं:

मगिस्तेर पुएल्लाम लौदत: शिक्षक मुलीची स्तुती करतात.
पुएल्ला लौदातुर: मुलीची स्तुती होते. (‘पुएल्लाम’ची ‘पुएल्ला’ झाली.)

मगिस्तेर पुएल्लाय लिब्रुम दत: शिक्षक मुलीला पुस्तक देतात.
पुएल्लाय लिबेर दतुर: मुलीला पुस्तक दिलं जातं. (‘पुएल्लाय’ जागची हलली नाही.)

ही कसोटी अंगवळणी पाडा. पुढे क्षमा करणं, पटवणं, मत्सर करणं अशा क्रियापदांचा गोंधळ येईल तेव्हा हीच कामाला येते.

मराठी ‘ला’ची आणखी तीन कामं आहेत, आणि त्या तिन्हींचा डेटिव्हशी संबंध नाही. एक, ठिकाण: ‘मी रोमला जातो’ म्हणजे ‘रोमाम एओ’, इथे ॲक्युझेटिव्ह. दोन, किंमत: ‘दहा रुपयांना घेतलं’ यातला ‘ना’ लॅटिनमध्ये ॲब्लेटिव्हने (साधारण आपल्या तृतीया-पंचमीचं काम करणाऱ्या विभक्तीने) दाखवतात. तीन, ‘बघायला’, ‘आणायला’ अशी हेतू सांगणारी क्रियारूपं. ‘मासे आणायला गेलो’ हे लॅटिनमध्ये सांगायला ‘आद’ हे अव्यय किंवा ‘उत’ने सुरू होणारं उपवाक्य वापरतात. नवशिक्याच्या वहीतल्या चुका बघाव्यात तर निम्म्या या तिघांच्याच असतात.

पायरी दुसरी: रूपं

लॅटिनमध्ये नामांचे पाच गट आहेत. डेटिव्हचं एकवचन आणि अनेकवचन असं:

पहिला गट: पुएल्लाय, पुएल्लीस (मुलीला, मुलींना)
दुसरा गट: सेर्वो, सेर्वीस (गुलामाला, गुलामांना)
तिसरा गट: रेगी, रेगिबुस (राजाला, राजांना)
चौथा गट: मनुई, मनिबुस (हाताला, हातांना)
पाचवा गट: दिएई, दिएबुस (दिवसाला, दिवसांना)

अनेकवचनाचे शेवट दोनच: ‘ईस’ आणि ‘बुस’. हा ‘बुस’ आपल्या ‘रामेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा नातेवाईक. नातं एवढ्यावर थांबत नाही. संस्कृतमध्ये चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन एकच (रामेभ्यः, रामेभ्यः). लॅटिनमध्येही डेटिव्ह आणि ॲब्लेटिव्हचं अनेकवचन नेहमी एकच. तेव्हा ‘रेगिबुस’ एकटं दिसलं तर त्यावरून काहीच ठरवू नका.

‘फीलिया’ (मुलगी) आणि ‘देआ’ (देवी) यांची नेहमीची अनेकवचनं ‘फीलियुस’ (मुलगा) आणि ‘देउस’ (देव) यांच्यासारखीच झाली असती. म्हणून जिथे फरक दाखवायचा तिथे ‘फीलियाबुस’, ‘देआबुस’ अशी रूपं वापरत. मृत्युपत्रात ‘मुलींना’ आणि ‘मुलांना’ यांत फरक न दिसणं कुणाला परवडणार?

सर्वनामं मात्र घोकायलाच हवीत, कारण कुठलंही पान उघडा, ती दिसतातच: मिहि (मला), तिबि (तुला), सिबि (स्वतःला), नोबीस (आम्हाला, आपल्याला), वोबीस (तुम्हाला), एई (त्याला, तिला), हुइक (याला, हिला), इल्ली (त्याला, तिला), कुइ (कोणाला, ज्याला), आणि अनेकवचनात एईस, हीस, इल्लीस, क्विबुस. ‘मिहि’ शेजारी ‘मह्यम्’ आणि ‘तिबि’ शेजारी ‘तुभ्यम्’ ठेवलं की घोकणं हलकं होतं.

काही विशेषणं सर्वनामांच्या वळणावर जातात. नुल्लुस (कोणीही नाही), सोलुस (एकटा), तोतुस (सगळा), अल्तेर (दुसरा), ऊनुस (एक): यांचं डेटिव्ह एकवचन तिन्ही लिंगांत ‘ई’. इंग्लंडच्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या चाळिसाव्या कलमात हेच दिसतं: ‘नुल्ली वेन्देमुस, नुल्ली नेगाबिमुस, औत दिफ्फेरेमुस, रेक्तुम औत युस्तितियाम’. हक्क किंवा न्याय आम्ही कोणालाही विकणार नाही, कोणालाही नाकारणार नाही, लांबणीवर टाकणार नाही. ‘नुल्ली’ हे अनेकवचनी प्रथमेचंही रूप असू शकतं, पण क्रियापद ‘आम्ही’चं आहे, म्हणून इथे डेटिव्हच. जर्मन संगीतकार बाख आपल्या हस्तलिखितांवर ‘सोली देओ ग्लोरिया’ची आद्याक्षरं लिहायचा. त्यातलं ‘सोली’ही याच गटातलं: फक्त देवालाच गौरव. ‘सोल’ म्हणजे सूर्य, आणि त्याचंही डेटिव्ह ‘सोली’च, पण शेजारी ‘देओ’ असल्यावर सूर्याला अर्घ्य द्यायचं कारण नाही.

पायरी तिसरी: एकाच रूपाचे अनेक अर्थ कसे सोडवायचे

‘पुएल्लाय’चे तीन अर्थ होतात: मुलीचा, मुलीला, मुली. ‘सेर्वो’ डेटिव्हही आहे आणि ॲब्लेटिव्हही. ‘रेगी’ मात्र फक्त डेटिव्ह, तिथे डोकं खाजवायला नको. (तिसऱ्या गटातली ‘ओम्नी’, ‘फोर्ती’सारखी विशेषणं पुन्हा दोन्हीकडची.)

गुंता सोडवताना सगळ्यात पहिल्यांदा शब्दाच्या आधी अव्यय आहे का बघा. लॅटिनमध्ये कोणतंही शब्दयोगी अव्यय डेटिव्ह घेत नाही. ते शब्दाच्या आधी येतं आणि ॲक्युझेटिव्ह किंवा ॲब्लेटिव्ह मागतं. एवढ्या नियमावर अर्धे संशय संपतात. चर्चमधले दोन तुकडे शेजारी ठेवू: ‘ओरा प्रो नोबीस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) आणि ‘दोना नोबीस पाकेम’ (आम्हाला शांती दे). ‘नोबीस’ तेच. पहिल्याच्या आधी ‘प्रो’ आहे म्हणून ते ॲब्लेटिव्ह, अर्थ ‘साठी’ असा असूनही. दुसरं मोकळं आहे आणि क्रियापद देण्याचं आहे, म्हणून डेटिव्ह. ‘ग्लोरिया इन एक्सेल्सीस देओ’मध्येही ‘एक्सेल्सीस’ला ‘इन’ने धरलंय, ‘देओ’ सुटा आहे, तो डेटिव्ह.

अव्यय नसेल तर क्रियापद बघा. ते देणं, सांगणं, दाखवणं या जातीचं आहे का? किंवा पुढे येणाऱ्या यादीतलं आहे का? आणि प्राणी की वस्तू, हेही बघा. डेटिव्हमध्ये बहुतेक वेळा माणूस असतो, ॲब्लेटिव्हमध्ये बहुतेक वेळा साधन किंवा कारण. हा नियम नाही, कल आहे. पण वाचताना कल खूप मदत करतो.

पायरी चौथी: देणं, सांगणं, दाखवणं

‘डेटिव्ह’ हे नावच ‘दरे’ म्हणजे देणे यावरून पडलं, आणि पाणिनीचं ‘संप्रदान’ही दानावरूनच. ‘कर्मणा यमभिप्रैति स सम्प्रदानम्’, कर्माच्या द्वारे कर्ता ज्याच्यापर्यंत पोचू पाहतो तो. पाणिनीवरच्या ‘काशिका’ या टीकेतलं उदाहरण ‘उपाध्यायाय गां ददाति’, गुरूला गाय देतो. लॅटिनचा साधा डेटिव्ह यापेक्षा वेगळा नाही, म्हणून इथे रेंगाळत नाही.

मातेर फीलियाय फाबुलाम नार्रत: आई मुलीला गोष्ट सांगते.
एपिस्तुलाम तिबि मित्तो: तुला पत्र पाठवतो.

फक्त पाठवण्याच्या बाबतीत जपा. माणसाला पाठवलं तर डेटिव्ह चालतो; गावाला पाठवलं तर नाही. ‘एपिस्तुलाम रोमाम मित्तो’, पत्र रोमला पाठवतो, इथे ‘रोमाय’ म्हणू नये. पत्र रोमपर्यंत पोचतं, पण रोम ते घेत नाही.

आता प्रार्थनेतला एक तुकडा जरा जवळून बघू. गोव्यात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्येच व्हायची, त्यामुळे जुन्या पिढीच्या कानावर हे शब्द आहेत: ‘पानेम नोस्त्रुम क्वोतिदियानुम दा नोबीस होदिए, एत दिमित्ते नोबीस देबिता नोस्त्रा, सीकुत एत नोस दिमित्तिमुस देबितोरिबुस नोस्त्रीस.’

आधी क्रियापदं काढा: दा (दे), दिमित्ते (सोड, माफ कर), दिमित्तिमुस (आम्ही सोडतो). मग प्रत्येकाला विचारा, काय? पानेम, म्हणजे भाकरी. देबिता, म्हणजे ऋणं. तिसऱ्या वेळी ऋणं अध्याहृत. मग विचारा, कोणाला? नोबीस, नोबीस, देबितोरिबुस नोस्त्रीस: आम्हाला, आम्हाला, आमच्या ऋणकऱ्यांना. मधलं ‘नोस’ फसवं आहे; ते ‘आम्ही’, कर्ता. शेवटच्या जोडीत ‘बुस’ आणि ‘ईस’ असे वेगळे शेवट आहेत, तरी विभक्ती एकच. विशेषण नामाशी विभक्ती जुळवतं, आवाज जुळवेलच असं नाही. हे वाक्य पाठ असलं की दोन्ही अनेकवचनी प्रत्यय खिशात.

पायरी पाचवी: डेटिव्ह मागणारी क्रियापदं

इथे खरी मेहनत आहे. काही क्रियापदांचं ‘कर्म’ आपल्याला कर्म वाटतं, पण लॅटिन त्याला डेटिव्हमध्ये बसवतं. ती अर्थाप्रमाणे गटागटाने लक्षात ठेवलेली बरी.

राग-लोभाची: ईरास्कोर (रागावतो), इन्विदेओ (मत्सर करतो), मिनोर (धमकावतो). पाणिनीचं सूत्र आठवा: ‘क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः’. क्रोध, द्रोह, ईर्ष्या, असूया ज्याच्याविषयी, तो संप्रदान. ‘देवदत्ताय क्रुध्यति’ ज्याला माहीत आहे त्याला ‘मार्को ईरास्कितुर’ (तो मार्कुसवर रागावतो) विचित्र वाटणार नाही. मराठी मात्र ‘वर’ म्हणते आणि मत्सर ‘त्याचा’ करते, म्हणून इथे संस्कृतचा कान वापरा.

आवडीची: प्लकेओ. ‘होक मिहि प्लकेत’ म्हणजे ‘हे मला आवडतं’. ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ हे सूत्र आणि आपली मराठी, दोघीही बाजूने. इंग्रजी बोलणाऱ्याला इथे वाक्य उलटं करावं लागतं, आपण सरळ चालत जातो.

आज्ञा आणि सेवा: इम्पेरो (हुकूम देतो), पारेओ (आज्ञा पाळतो), सेर्विओ (सेवा करतो), रेसिस्तो (विरोध करतो).

भलं-बुरं: फवेओ (बाजू घेतो), नोकेओ (इजा करतो), पार्को (सोडून देतो, गय करतो), इग्नोस्को (क्षमा करतो), ग्रातुलोर (अभिनंदन करतो).

विश्वास आणि पटवणं: क्रेदो (विश्वास ठेवतो), पेर्स्वादेओ (पटवतो).

उरलेल्यांत दोन मजेदार. स्तुदेओ, म्हणजे मन लावतो: ‘लिंग्वाय लतीनाय स्तुदेओ’, मी लॅटिनचा अभ्यास करतो. आणि नूबो, स्त्रीने पुरुषाशी लग्न करणं. मुळात डोक्यावर पदर घेण्याशी जोडलेला शब्द, म्हणून नवरा डेटिव्हमध्ये. पुरुष लग्न करतो तेव्हा क्रियापद वेगळं: तो बायको ‘नेतो’ (ऊक्सोरेम दूकित), आणि ती ॲक्युझेटिव्हमध्ये.

गोची अशी की याच अर्थाची काही क्रियापदं नेमकी ॲक्युझेटिव्ह घेतात. इम्पेरो डेटिव्ह, पण युबेओ (हुकूम करतो) ॲक्युझेटिव्ह. नोकेओ डेटिव्ह, लायदो (इजा करतो) ॲक्युझेटिव्ह. प्लकेओ डेटिव्ह, देलेक्तो (आनंद देतो) ॲक्युझेटिव्ह. मदत करणारं युवोसुद्धा ॲक्युझेटिव्ह. तर्क शोधत बसू नका, जोडीने पाठ करा. रोमन विधिज्ञ उल्पियानुसची तीन वचनं त्यासाठी सोयीची आहेत. ती सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात आली: ‘होनेस्ते वीवेरे, अल्तेरुम नोन लायदेरे, सुउम कुइक्वे त्रिबुएरे’. सचोटीने जगणं, दुसऱ्याला इजा न करणं, ज्याचं त्याला देणं. ‘अल्तेरुम’ ॲक्युझेटिव्ह कारण लायदो. ‘कुइक्वे’ डेटिव्ह कारण देणं. मराठीत दोन्हीकडे ‘ला’, एकाच ओळीत.

या क्रियापदांचं कर्मणी रूप करताना पहिल्या पायरीची कसोटी आठवा. डेटिव्ह हलत नाही, म्हणून कर्ताच उरत नाही आणि क्रियापद नुसतं तृतीयपुरुषी एकवचनात उभं राहतं: ‘मिहि इग्नोस्कितुर’, मला क्षमा केली जाते. ‘एगो इग्नोस्कोर’ असं लिहिलं तर ते चूक. मराठीतही ‘मी क्षमा केला जातो’ कुठे म्हणतो आपण?

उपसर्ग लागलेली काही क्रियापदंही डेटिव्ह घेतात. त्यातली रोजच्या उपयोगाची तीन: ‘मिहि पेकूनिया देएस्त’ (मला पैसा कमी पडतो), ‘होक तिबि प्रोदेस्त’ (याचा तुला फायदा होतो), ‘लेगिओनी प्रायएस्त’ (तो तुकडीचा प्रमुख आहे). आणि विशेषणांत कारुस (प्रिय), सिमिलिस (सारखा), ऊतिलिस (उपयोगी), इदोनेउस (योग्य) ही डेटिव्ह मागतात.

पायरी सहावी: ‘मला आहे’ आणि ‘मला करायचं आहे’

‘मला दोन भाऊ आहेत’ हे लॅटिनमध्ये जसंच्या तसं जातं: मिहि दुओ फ्रात्रेस सुन्त. मराठी नात्यांना ‘मला’ आणि वस्तूंना ‘माझ्याकडे’ असा भेद करते. लॅटिन दोन्हींना ‘मिहि’ म्हणतं. ‘लिबेर मिहि एस्त’ म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. ‘लिबेर मेउस एस्त’ म्हणजे पुस्तक माझं आहे. नाव सांगतानाही हीच रचना: ‘मिहि नोमेन एस्त मार्कुस’. पण रोमन लोक नाव कित्येकदा ‘मिहि’शी जुळवून ‘मार्को’ असंही म्हणत. ते दिसलं तर गडबडू नका.

याच्या पुढची रचना बहुतेक पुस्तकांत शेवटच्या प्रकरणांत येते, आणि इंग्रजीतून शिकणारे तिथे दमतात. मराठी माणसाने ती आधीच उघडावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बघा:

मिहि लिबेर लेगेन्दुस एस्त: मला ग्रंथ वाचायचा आहे.
मिहि एपिस्तुला स्क्रीबेन्दा एस्त: मला चिठ्ठी लिहायची आहे.
मिहि तेम्प्लुम आयदिफिकन्दुम एस्त: मला देऊळ बांधायचं आहे.
मिहि लिब्री लेगेन्दी सुन्त: मला ग्रंथ वाचायचे आहेत.

‘-यचा, -यची, -यचं, -यचे’ आणि ‘-न्दुस, -न्दा, -न्दुम, -न्दी’. करणारा चतुर्थीत, केलं जाणारं प्रथमेत, आणि क्रियारूप त्याच्या लिंग-वचनाशी बांधलेलं. रचना तंतोतंत तीच. ‘कार्थागो देलेन्दा एस्त’ (कार्थेज उद्ध्वस्त करायचं आहे) हे रोमन मुत्सद्दी काटोच्या तोंडी घातलं जाणारं वाक्य याच साच्यातलं. कार्थागो स्त्रीलिंगी म्हणून ‘देलेन्दा’. ते कोणी करायचं हे सांगितलेलं नाही, पण ‘नोबीस’ घातलं की ‘आम्हाला’. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी ते केलंही.

फरक एका ठिकाणी आहे. ‘मला चिठ्ठी लिहायची आहे’ यात मराठीत इच्छाही असू शकते. लॅटिनमध्ये ती फक्त गरज किंवा कर्तव्य. ‘लिहिलीच पाहिजे’च्या जवळ. आणि क्रियापद स्वतःच डेटिव्ह मागणारं असेल तर वाक्यात दोन डेटिव्ह भांडतात, म्हणून करणाऱ्याला ‘आ’ हे अव्यय लावून ॲब्लेटिव्हमध्ये ढकलतात: ‘लेगिबुस आ नोबीस पारेन्दुम एस्त’, आपल्याला कायदे पाळायचे आहेत.

पायरी सातवी: दोन डेटिव्ह एकत्र

‘राजाच्या मदतीला सैनिक आले.’ यात ‘मदतीला’ काय आहे? ती कुणी व्यक्ती नाही, हेतू आहे. लॅटिनमध्ये हेतूही डेटिव्हमध्ये आणि ज्याच्यासाठी तोही डेटिव्हमध्ये: ‘मीलितेस रेगी औक्सिलियो वेनियुन्त’. शब्दशः ‘सैनिक राजाला मदतीला येतात’. ही जोडी ठरावीक नामांनीच बनते: ऊसुई (उपयोगाला), औक्सिलियो (मदतीला), कूराय (काळजीचा विषय), ओदियो (तिरस्काराचा), इम्पेदिमेन्तो (अडथळ्याला), प्रायसिदियो (रक्षणाला), एक्सेम्प्लो (उदाहरणाला), दोनो (भेट म्हणून). वाचताना असा अमूर्त शब्द ‘ओ’, ‘ई’ किंवा ‘आय’ घेऊन सुटा दिसला आणि जवळ एखादं माणूस डेटिव्हमध्ये असलं, की जोडी धरा.

सीझरचं वाक्य: ‘क्वाय रेस मग्नो ऊसुई नोस्त्रीस फुइत’. प्रसंग इ.स.पू. ५५ चा, ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरतानाचा. सैनिक खोल पाण्यात अडले होते, म्हणून सीझरने युद्धनौका शत्रूच्या उघड्या बगलेला नेऊन तिथून गोफणी, बाण आणि यंत्रांचा मारा करवला. ‘क्वाय रेस’ म्हणजे ही गोष्ट, कर्ता. ‘फुइत’ म्हणजे झाली. उरले तीन शब्द आणि तिघेही डेटिव्ह. ‘मग्नो ऊसुई’ एकत्र: मोठ्या उपयोगाला. इथे पुन्हा विशेषणाचा ‘ओ’ आणि नामाचा ‘उई’, आवाज वेगळे. ‘नोस्त्रीस’: आमच्यांना, म्हणजे आमच्या सैनिकांना. ‘ही गोष्ट आमच्या लोकांच्या फार उपयोगी पडली.’ भाषांतरात दोन्ही चतुर्थी दिसेनाशा झाल्या, तरी बिघडलं नाही. मराठी वाक्य मराठी वाटलं पाहिजे.

‘कुइ बोनो’ही हेच. कुइ, कोणाला, बोनो, भल्याला. ‘हे कोणाच्या फायद्याचं?’ ‘याचा उपयोग काय?’ असा अर्थ पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, तो चूक आहे. हा प्रश्न लूकियुस कासियुस या कडक न्यायाधीशाचा, आणि तो किकेरोने (सिसेरो, रोमन वकील) इ.स.पू. ८० मध्ये आमेरियाच्या रोस्कियुसच्या बचावात वापरला: खून कोणाच्या पथ्यावर पडला ते बघा.

उरलेले थोडे

रोमन थडग्यांवर ‘सित तिबि तेर्रा लेविस’ची चार आद्याक्षरं असत: माती तुला हलकी होवो. कोणी काही दिलेलं नाही, तरी ‘तिबि’; ज्याच्या हिताचं तो. अहिताचंही असंच: ‘लत्रो मिहि पेकूनियाम एरिपुइत’, दरोडेखोराने माझ्याकडून पैसे हिसकावले. ‘कडून’ पाहून ॲब्लेटिव्ह लावू नका. माणसाकडून हिरावलं तर डेटिव्ह. कवी होरातियुस (होरेस) एका पत्रात विचारतो ‘क्विद मिहि केल्सुस आगित?’ तिथल्या ‘मिहि’चं भाषांतर ‘मला’ केलंत तर वाक्य मेलं. ‘काय करतोय आमचा केल्सुस?’ एवढंच ते.

सरावाला पाच वाक्यं

उत्तर झाकून आधी स्वतः करा.

चोराला पकडतो, चोराला माफ करतो. उत्तर: फूरेम कपियो, फूरी इग्नोस्को. ‘चोर पकडला जातो’ चालतं, ‘चोर माफ केला जातो’ खटकतं, तिथेच फरक कळतो.

मी रोमला जातो. उत्तर: रोमाम एओ. ठिकाणाचा ‘ला’.

आई मुलींना गोष्ट सांगते. उत्तर: मातेर फीलियाबुस फाबुलाम नार्रत. ‘फीलियीस’ लिहिलंत तर मुलगे की मुली हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

मला राणीला भेट द्यायची आहे. उत्तर: रेगीनाय आ मे दोनुम दन्दुम एस्त. ‘मिहि’ही व्याकरणात बसतं, पण मग कोण कोणाला देतंय ते संदर्भावर सोडावं लागतं. ‘भेट’ स्त्रीलिंगी असली तरी ‘दोनुम’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘दन्दुम’.

आता उलट, लॅटिनमधून मराठीत, अंत्यविधीच्या प्रार्थनेतलं: ‘रेक्वियेम आयतेर्नाम दोना एईस, दोमिने, एत लूक्स पेर्पेतुआ लूकेआत एईस.’ ‘दोना’ दिसायला ‘दोनुम’चं अनेकवचन आहे, पण इथे आज्ञार्थ: दे. पहिला ‘एईस’ देण्याचा. दुसरा हिताचा, कारण प्रकाशणं हे कुणाला काही देणं नव्हे. उत्तर: ‘प्रभो, त्यांना चिरविश्रांती दे, आणि त्यांच्यावर अखंड प्रकाश पडो.’ दुसऱ्या ठिकाणी मराठीला ‘वर’ हवा, ‘ला’ नको.